पीईटीएमपीचं रेझिन: दिवा लावण्याआधीची तयारी

हे रेझिन दोन द्रव मिसळून अतिनील दिव्याखाली घट्ट करतात. बाटली उघडण्याआधी तिच्यासोबत आलेला तपासणी अहवाल समोर घ्या आणि थायॉलचा (गंधक-हायड्रोजनच्या गटाचा) आकडा शोधा. पेंटाएरिथ्रिटॉल टेट्राकिस मर्कॅप्टोप्रोपिओनेट, म्हणजेच पीईटीएमपी, याच्या रेणूला चार थायॉल गट असतात. रेणुभार ४८८.७, म्हणजे एका गटामागे १२२.२. जोडीला ट्रायअलिल आयसोसायन्युरेट (पुढे नुसतं अलिल) घेतलं तर रेणुभार २४९.३, दुहेरी बंध तीन, एका बंधामागे ८३.१. एका थायॉलला एक बंध या हिशेबाने १० ग्रॅम पीईटीएमपीला ६.८ ग्रॅम अलिल लागतं.

हा हिशेब शुद्ध मालाचा झाला. त्यात ग्रॅममागे ८.१९ मिलिमोल थायॉल असतं. बाटली जुनी झाली की हवेने थायॉल दोन-दोन जोडले जाऊन त्यांचे डायसल्फाइड होतात आणि ते बंधाशी जुळत नाहीत. आयोडीनच्या टायट्रेशनमध्ये (थायॉल मोजण्याच्या चाचणीत) ७.७ च भरलं, तर अलिल ६.४ ग्रॅमच घ्या. अलिल गट आपापसात फारसे जुळत नाहीत. जास्तीचं तसंच आत राहतं आणि तुकडा मऊ, चिकट निघतो. थायॉल जास्त झालं तर वास हटत नाही. पृष्ठभाग चिकट आला की लोक हवेला दोष देतात, पण ती सवय अ‍ॅक्रिलेटची, म्हणजे दिव्याखाली जमणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनची. इथे ऑक्सिजनने अडवलेली साखळी थायॉलकडून हायड्रोजन घेऊन पुन्हा सुरू होते, त्यामुळे नायट्रोजन लागत नाही. आधी वजनं तपासा.

अलिल पंचवीस अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत बाटलीत पांढरा खडा दिसला तर ४० अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्या. वरचं तेवढं ओतून घेऊ नका. त्यात एकूण वजनाच्या अर्धा टक्का डीएमपीए (प्रकाशाने अभिक्रिया सुरू करणारी पूड), म्हणजे १६.८ ग्रॅमला ०.०८ ग्रॅम, कण दिसेनासे होईपर्यंत विरघळवा. हे काम पिवळ्या उजेडात करा, भांड्याला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. पीईटीएमपी सगळ्यात शेवटी घाला. हे मिश्रण अंधारातही हळूहळू घट्ट होतं, म्हणून तासाभरात लागेल तेवढंच बनवा. लोखंडी किंवा तांब्याचा चमचा वापरू नका, काच चालेल. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारं कच्चं सिलिकॉन त्याच टेबलावर नको; थायॉल लागलं की ते जमत नाही.

नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण पीईटीएमपीने त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. निर्वातात बुडबुडे काढून एक-दोन मिलिमीटरचा थर ओता आणि ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावा. जाड थर एकदम तापतो, पिवळा पडतो. जेल साधारण ४१ टक्के अभिक्रियेनंतर येतं, तोवर माल वाहता असतो, म्हणून आतला ताण अ‍ॅक्रिलेटपेक्षा कमी राहतो. झालं की नाही हे बोट लावून ठरवू नका. इन्फ्रारेड वर्णपटात २५७० प्रति सेंटिमीटरचं थायॉलचं शिखर गेलं का ते बघा.

उरलेलं मिश्रण नाल्यात ओतू नका, माशांना ते फार विषारी आहे. पातळ पसरून दिव्याखाली घट्ट करा आणि घन कचऱ्यात द्या. पुसून घेतलेल्या भांड्यांचा वास पातळ ब्लीचने जातो, मात्र त्या बेसिनमध्ये अ‍ॅसिड असता कामा नये.