फुकट सल्ला केंद्र काढताय? मग आधी हे ठरवा

चार-पाच जण मिळून लोकांना फुकट सल्ला द्यायचं केंद्र काढणार असाल तर जागा, फर्निचर, लोगो यावर महिने घालवू नका. एक खोली, दोन टेबलं आणि ठरलेला वार, ठरलेली वेळ एवढं पुरतं. पण ती वेळ काही झालं तरी पाळायची, कारण घाबरलेला माणूस कशीबशी हिंमत करून येतो आणि दाराला कुलूप दिसलं की बहुतेक वेळा परत येत नाही. ब्रिटनमधल्या फुकट सल्ला केंद्रांचं जाळं असलेलं सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस बघा, ४ सप्टेंबर १९३९ ला, दुसरं महायुद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी २०० ठिकाणी सुरू झालं, तेही स्वयंसेवकांच्या जोरावर, आणि एका ठिकाणी तर घोडे न्यायच्या गाडीतच ऑफिस केलं आणि ती बॉम्ब पडलेल्या भागाजवळ नेऊन उभी केली. रेशनकार्ड हरवलं, घर गेलं, असले प्रश्न घेऊन लोक यायचे.

आता मुख्य काम. समोरचा बसला की लगेच फॉर्म पुढे करू नका, आधी त्याला बोलू द्या. लोक जो प्रश्न घेऊन येतात तो बऱ्याचदा सगळ्यात छोटा असतो, म्हणजे बाई येते लाईटबिल घेऊन आणि बोलता बोलता कळतं की पगार थकलाय, भाडं थकलंय आणि घर खाली करायची नोटीस पर्समध्ये न उघडताच पडलीय. म्हणून प्रत्येकाला विचारा, "अजून कुठली पत्रं आलीत का, न फोडलेली असली तरी चालतील." आणि कागद हातात आला की सगळ्यात आधी तारीख शोधा, अपिलाची मुदत, सुनावणी, पैसे भरायची शेवटची तारीख, कारण बाकी सगळं नंतर सावरता येईल पण मुदत गेली की बऱ्याचदा हक्कच जातो.

भाषेचं नीट समजून घ्या. लहान मुलाला दुभाषी करायचं नाही, कितीही हुशार असलं तरी नाही! आईची मारहाण किंवा बापाचं कर्ज त्याच्या तोंडून वदवून घेणं बरोबर नाही. नवऱ्यालाही नको, आणि त्याच समाजातला माणूस आणणार असाल तर आधी विचारा, कारण ओळखीतून गोष्ट घरी पोचते. फोनवरचा, लांबचा दुभाषी अशा वेळी बरा. बोलताना दुभाष्याकडे नाही, त्या माणसाकडे बघून बोला. "चष्मा विसरलो" असं कोणी म्हणालं तर कदाचित वाचता येत नसेल, म्हणून कागद सगळ्यांनाच मोठ्याने वाचून दाखवायची सवय ठेवा, कोणालाच कमीपणा वाटत नाही. शेवटी "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता घरी जाऊन काय सांगाल?" असं विचारा.

स्वतःची हद्द ओळखा. माहिती देणं वेगळं आणि कायद्याचा सल्ला देणं वेगळं. ब्रिटनमध्ये तर नोंदणी किंवा परवानगी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, फुकट दिला तरी. तुमच्याकडे काय नियम आहेत ते पहिल्या दिवसाआधी बघा. दुसरीकडे पाठवायचं असेल तर नुसता नंबर चिकटवू नका, तो माणूस समोर बसलेला असतानाच फोन लावून वेळ घेऊन द्या. भाडेकरू आणि त्याचाच घरमालक दोघंही तुमच्याकडे आले तर एकाला नम्रपणे दुसरीकडे पाठवा.

इथलं बोलणं बाहेर जाणार नाही हे सुरुवातीलाच सांगा, आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र पुढे सांगावं लागेल हेही तेव्हाच सांगा. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, कॉपी काढून लगेच परत. स्वतःचा मोबाईल नंबर द्यायचा नाही, उसने पैसे तर अजिबात नाहीत, माझं यावर ठाम मत आहे, कितीही वाईट वाटलं तरी. आणि निर्णय समोरच्या माणसाचाच, तुम्ही फक्त पर्याय आणि त्यांचे परिणाम सांगायचे.

बंद झाल्यावर स्वयंसेवकांनी पंधरा मिनिटं एकत्र बसायचं, जड गोष्टी मनात घेऊन कोणी घरी जायचं नाही. त्याच वेळी नोंदी पूर्ण करा: काय विचारलं, काय सांगितलं, पुढची तारीख कोणती. त्या कुलुपात ठेवा. नोंदी नीट असल्या म्हणजे पुढच्या वेळी टेबलावर दुसरं कोणी असलं तरी त्या माणसाला सगळं दुखणं पहिल्यापासून परत सांगावं लागत नाही.