दाणा पेटवून बघा, मग चरबीचा हिशोब मांडा

"ग्रॅममागे स्निग्ध पदार्थ ९, कर्बोदके ४, प्रथिने ४ किलोकॅलरी" हे नववीची मुलं घडाघडा म्हणतात. का म्हणून विचारलं की खाली बघतात. त्यामुळे मी आधी दाणा पेटवते, फळा नंतर.

भाजलेला, बिनमिठाचा शेंगदाणा घ्या आणि साल काढा. तेल न लावलेली ज्वारीची भाकरी उन्हात कडकडीत वाळवून तिचा दाण्याएवढ्याच वजनाचा तुकडा करा. वजनाला सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा लागतो. किराणा दुकानातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम दिसतच नाही. बुचात सुई उभी खोचून तिच्यावर दाणा टोचा. वर दोन बोटांच्या अंतरावर पातळ पत्र्याचा डबा टांगा, त्यात ५० मिली पाणी. थर्मामीटर प्रयोगशाळेतला हवा, तापाचा ४२ अंशांपुढे जात नाही. खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला लांब बसवा आणि काडी मोठ्यांनीच ओढायची.

दाणा पेटायला वेळ लावतो, पण एकदा पेटला की पिवळी, धुरकट ज्योत धरून शेवटपर्यंत जळतो. सुईपाशी तेल फसफसताना दिसतं. भाकरी मात्र सारखी विझते, पुन्हा पेटवावी लागते. तिच्यासाठी पाणी नवं, गार घ्या.

एक मिली पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. समजा अर्ध्या ग्रॅमच्या दाण्याने पाणी २० अंशांनी तापलं. ५० गुणिले २०, म्हणजे १००० कॅलरी, म्हणजेच १ किलोकॅलरी. अर्ध्या ग्रॅमला १, तर ग्रॅमला २. पुस्तकात दाण्याचा आकडा साडेपाचच्या पुढे आहे. बाकीची उष्णता हवेत गेली, पत्र्यात गेली. डब्याच्या बुडाला धरलेली काजळी म्हणजे तर न जळलेला कार्बनच. म्हणून आकड्यापेक्षा दाणा आणि भाकरी यांच्यातला फरक बघा. तो दुपटीपेक्षा कमीच येईल, कारण दाण्यात तेल साधारण निम्मंच असतं.

आता फळा. जळणं म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची ऑक्सिजनशी जोडणी. ग्लुकोजमध्ये ६ कार्बनमागे ६ ऑक्सिजन आधीच जोडलेले आहेत, म्हणजे काम थोडं उरकलेलं आहे. चरबीतल्या स्टिअरिक आम्लात १८ कार्बनमागे ऑक्सिजन फक्त २. बाकी सगळी कार्बन-हायड्रोजनची लांबलचक साखळी, जळायची शिल्लक. म्हणून ग्रॅममागे ऊर्जा जास्त. (प्रथिनं जाळली तर ४ पेक्षा जास्त भरतात, पण शरीर त्यांचा नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर टाकतं आणि थोडी ऊर्जा त्याच्याबरोबर जाते.)

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते पाणी. शरीर साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणीही बाळगतं. चरबी पाण्याला जवळ करत नाही. त्यामुळे साठ्याचं खरं वजन धरलं तर ग्लायकोजेन ग्रॅमला जेमतेम १ किलोकॅलरी देतं, चरबीची ऊती साडेसातच्या आसपास. १० किलो चरबीतली ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये ठेवायची तर ७० किलोंहून जास्त ओझं होईल. अमूर ससाणा अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो, तो अंगावर चरबी चढवूनच.

मग एखादी मुलगी विचारतेच, "बाई, तर शरीर साखर ठेवतंच कशाला?" कारण ग्लायकोजेन चटकन मोडतं, गरज पडली तर ऑक्सिजनशिवायही स्नायूंना ऊर्जा देतं. चरबीचं तसं नाही. शिवाय मेंदू चरबीतली आम्लं थेट वापरत नाही, त्याला ग्लुकोज लागतं.