रोस्टर लाल झालं की

मेलबर्नला आल्यावर पहिल्याच महिन्यात मला कुणीतरी विचारलं, ‘तुझं अवॉर्ड कुठलं?’ माझ्या डोळ्यांपुढे शाल-श्रीफळ. इथे अवॉर्ड म्हणजे त्या त्या धंद्यासाठी ठरवून दिलेले कामाचे नियम: तासाचा दर, जादा पैसे, मधली सुट्टी, दोन शिफ्टमधलं अंतर. अशी शंभराहून जास्त अवॉर्ड आहेत, आणि मालकाशी तोंडी काहीही ठरलं तरी त्याखाली जाता येत नाही. माझी सगळी वर्षं दुकानात गेली, म्हणून उदाहरणं रिटेल अवॉर्डची देते. हॉटेल किंवा वृद्धसेवेत असाल तर आकडे वेगळे असतील, आपलं अवॉर्ड उघडून बघा.

आपली मुलं कॅश काउंटरवर लागतात आणि वर्ष-दीड वर्षात शिफ्ट सुपरवायझर होतात. मग एक दिवस मॅनेजर म्हणतो, पुढच्या आठवड्याचं रोस्टर, म्हणजे कुणाची शिफ्ट कधी याचं वेळापत्रक, तूच लाव. डेप्युटी, टँडा असं एखादं सॉफ्टवेअर असतं. नावं ओढून चौकटीत टाकायची. एखादी शिफ्ट नियमात बसत नसेल तर तिथे खूण उमटते. माझ्या दुकानात ती लाल होती.

माझ्या पहिल्याच रोस्टरमध्ये मी गुरुवारी रात्री दहाला दुकान बंद करणाऱ्या मुलीला शुक्रवारी सकाळी सातला उघडायला लावलं. लाल खूण आली. तिला विचारलं, ती म्हणाली चालेल. मी खूण न वाचता पुढे गेले आणि रोस्टर पब्लिश केलं. नियम असा, की दोन दिवसांच्या कामात १२ तासांचं अंतर हवं. दोघांचं ठरलं तर १० पर्यंत खाली येता येतं. माझे भरले नऊ. नऊला ‘चालेल’ म्हणायचा अधिकार तिलाही नव्हता आणि मलाही. अशा वेळी सलग १२ तासांची विश्रांती मिळेपर्यंत दुप्पट दर द्यावा लागतो. तो तिला मिळाला तीन महिन्यांनी, हिशेब तपासताना कुणाच्या तरी लक्षात आलं तेव्हा. त्या तीन महिन्यांत ती रोज माझ्यासमोर हसून काम करत होती, हे आजही आठवलं की कसंतरी होतं.

तेव्हा खूण आली की आधी ती वाचा. पाच तासांहून जास्त सलग काम जेवणाच्या सुट्टीशिवाय दिसत असेल, तर सुट्टी अलीकडे ओढा. पार्ट-टाइम माणसाचे ठरलेले तास ओलांडत असाल, तर आधी त्याच्याकडून मेसेजवर होकार घ्या. मेसेज लेखी धरला जातो, पण ती जादा वेळ संपायच्या आत आलेला हवा. नाहीतर ते तास ओव्हरटाइममध्ये जातात. आणि खूण डावलण्याचं बटण फक्त मॅनेजरकडे असेल तर फारच उत्तम, मागून घेऊ नका.

आता उलटी बाजू. खूण आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही. सॉफ्टवेअरला आपण जे सांगितलं तेवढंच कळतं. मेलबर्न कप म्हणजे नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, मेलबर्नमध्ये सार्वजनिक सुट्टी. सिडनीत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दुकानाचं ठिकाण चुकून न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनीचं राज्य, पडलेलं असेल तर तो मंगळवार साधा दिवस म्हणून जाईल, आणि कायम नोकरीतल्याला २२५ टक्के, कॅज्युअलला, म्हणजे कायम तास ठरलेले नसतात त्याला, २५० टक्के द्यायचे ते राहून जातील. दर जुलैत तासाचे दर बदलतात, तेही भरलेत का बघा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच आहे. कोर्स चालू असताना विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम. हा पंधरवडा कुठल्याही सोमवारी सुरू होतो, म्हणजे दर सोमवारी नवा. समजा पहिल्या आठवड्यात १८ तास केलेत, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०. पहिली जोडी बरोबर ४८. दुसरी ५०, व्हिसाची अट मोडली. शिवाय शनिवारी मित्राच्या कॅफेत केलेले सहा तास दुकानाच्या सॉफ्टवेअरला दिसतच नाहीत. ते तुम्हीच मांडायचे. मी सांगते ती मुलं फ्रीजवर कागद लावतात: सोमवारची तारीख, दोन नोकऱ्या, बेरीज.

गणपती-दिवाळीत आणखी एक प्रकार. आरतीला जायचं म्हणून व्हॉट्सॲपवर शिफ्टची अदलाबदल होते. ‘तू माझी शनिवारची कर, मी तुझी रविवारची करतो.’ सॉफ्टवेअरला पत्ता नाही, म्हणून खूण नाही. रविवारचा जादा दर मात्र भलत्याच्या नावावर. अदलाबदल ॲपमध्येच करा, बाप्पा पाच मिनिटं थांबतात.

रोस्टर लावत नसाल तरी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, प्रत्यक्ष आला-गेलात ती वेळ लिहा आणि पेस्लिपशी जुळवा. पेस्लिप पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळालीच पाहिजे. कमी पैसे आले तर आधी शांतपणे विचारा, बऱ्याचदा चूक सेटिंगची निघते. पण जाणूनबुजून कमी पगार देणं १ जानेवारी २०२५ पासून फौजदारी गुन्हा आहे, आणि थकबाकी सहा वर्षं मागची मागता येते. ‘व्हिसाचं बघून घेईन’ असं कुणी म्हणालं, तर कामगारांच्या हक्कांसाठी असलेल्या फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी यंत्रणेचा नंबर १३ १३ ९४. अशी धमकी देऊन कमी पगारात राबवणं हाही गुन्हाच.