ब्रिटनच्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये दावा करताय? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये नोकरीच्या वादासाठी एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे जायला आज फी लागत नाही. २०१३ साली बसवलेली फी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा ठरवली. वकीलही सक्तीचा नाही. त्यामुळे अनेक जण स्वतःच दावा चालवतात आणि तारखा-कागदपत्रांत अडकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कंपनीतल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबणं. एचआर 'प्रक्रिया चालू आहे' म्हणत राहतो आणि इकडे दावा दाखल करायची मुदत सरते. अपिलामुळे ती थांबत नाही. एकॅस या संस्थेकडे समेटासाठी नोंद केली की थांबते. अन्यायकारक बडतर्फी, भेदभाव अशा दाव्यांना एक दिवस कमी तीन महिने ही मुदत चालत आली आहे. २०२५ च्या कायद्यात ती सहा महिने करण्याची तरतूद आहे, पण तुमच्या प्रकरणाला ती लागू होते का हे तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. नोंदीत मालकाचं नाव पगाराच्या स्लिपवरचं घाला, दुकानाच्या पाटीवरचं नको.

ईटी१ या दाव्याच्या फॉर्ममध्ये सगळी गाऱ्हाणी ओतू नका. 'बॉस उर्मट होता' यावर न्यायाधीश काय निर्णय देणार? कोण, कधी, काय बोललं आणि तो भेदभाव कशावरून, हे लिहा. प्राथमिक सुनावणीत मुद्द्यांची यादी ठरते आणि अंतिम सुनावणी बहुतांशी तिच्यावरच चालते. तुमचा मुद्दा सुटला असेल तर लगेच लेखी कळवा.

आदेशातली तारीख पाळणं जमणार नसेल, तर ती उलटण्याआधी कारणासह मुदतवाढ मागा आणि तोच ईमेल समोरच्या पक्षालाही पाठवा. 'अनलेस ऑर्डर' मात्र फार जपून हाताळा. ती पाळली नाही तर दावा आपोआप खारीज होतो.

कागदपत्रांच्या बंडलात तीच ईमेल पुन्हापुन्हा लावू नका. तारखेनुसार लावा, पानांना क्रमांक द्या. इंग्लंड-वेल्समध्ये साक्ष लेखी निवेदनातूनच घेतली जाते, त्यामुळे त्यात राहून गेलेली गोष्ट आयत्या वेळी मांडणं कठीण. स्कॉटलंडमध्ये साक्ष सहसा तोंडीच होते.

मराठी दुभाषी हवा असेल तर ट्रायब्युनलला आधीच कळवा. सुनावणीच्या दिवशी मुलाला किंवा भावाला सोबत नेऊन ते काम भागत नाही.