आवडत्या गायकाचा माइक आणि प्रीॲम्प कसा शोधावा

‘मायकेल जॅक्सन कोणता माइक वापरायचा?’ या प्रश्नाचं धड उत्तर मिळत नाही. ‘‘बिली जीन’मधला मुख्य आवाज कोणत्या माइकवर घेतला?’ याचं मिळतं: शूअर एसएम ७. म्हणून सुरुवातीलाच गायक सोडा आणि गाणं धरा. स्टुडिओत माइक निवडतो तो बहुतेक वेळा रेकॉर्डिस्ट. गायक समोर लावलेल्या माइकवर गातो. अल्बम बदलला की स्टुडिओ बदलतो, रेकॉर्डिस्ट बदलतो आणि माइकही. शिवाय माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र, म्हणजे प्रीॲम्पही.

कागदावर चार गोष्टी लिहा: गाणं, रेकॉर्डिंगचं साल, स्टुडिओ, रेकॉर्डिस्ट. मूळ रेकॉर्डिंग हवंय की स्टेजवरचं, तेही आत्ताच ठरवून टाका. पुढचा बराचसा गोंधळ इथेच वाचतो.

रेकॉर्डिस्ट कोण?

स्ट्रीमिंग ॲपवरची श्रेयं अनेकदा गायक, गीतकार, संगीतकार इथवर येऊन थांबतात. त्यापेक्षा डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-सीडींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर जाऊन त्या रेकॉर्डच्या किंवा सीडीच्या मागच्या बाजूचे फोटो वाचा. तिथे ‘रेकॉर्डेड बाय’ आणि ‘मिक्स्ड बाय’ ही दोन वेगळी कामं असतात. मिक्स करणाऱ्याकडे आवाज आधीच रेकॉर्ड होऊन आलेला असतो. माइक कोणता होता हे त्याला माहीत असेलच असं नाही. हल्लीच्या हिंदी गाण्यांत तर वाद्यं एका स्टुडिओत, आवाज दुसऱ्या स्टुडिओत, मिक्सिंग तिसरीकडे. आपल्याला हवी ती फक्त ‘व्होकल्स रेकॉर्डेड ॲट’ची ओळ.

जुन्या हिंदी सिनेमांसाठी श्रेयनामावली थांबवून थांबवून पाहा. गाण्यांचा रेकॉर्डिस्ट आणि चित्रीकरणाच्या वेळचा साउंड रेकॉर्डिस्ट ही नावं वेगवेगळी असतात. ताडदेवच्या फेमस स्टुडिओतले मिनू कात्रक, वांद्र्याच्या मेहबूबमधले रॉबिन चॅटर्जी अशी नावं तिथेच सापडतात. त्या काळी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवत आणि समतोल तिथल्या तिथे साधला जाई, त्यामुळे रेकॉर्डिस्टचं नाव कळणं म्हणजे निम्मं काम झालं.

मुलाखत गाठा

आता रेकॉर्डिस्टचं नाव, गाण्याचं नाव आणि ‘व्होकल चेन’ (आवाज ज्या ज्या उपकरणांतून जातो ती साखळी) हे शब्द रोमन लिपीत टाकून शोधा. ‘साउंड ऑन साउंड’ मासिकाची ‘क्लासिक ट्रॅक्स’ ही लेखमाला याच कामाची आहे. ‘मिक्स’ आणि ‘टेप ऑप’ ही मासिकंही पाहा. ‘बिली जीन’च्या एसएम ७ची माहिती रेकॉर्डिस्ट ब्रूस स्वीडियन यांच्याकडून आली, आणि तो आवाज त्यांनीच रेकॉर्ड केला होता. एवढं असलं की पुढे वाद नको.

हयात रेकॉर्डिस्टला विचारायचं तर प्रश्न नेमका हवा. ‘सर, कोणता माइक चांगला?’ याला कुणी उत्तर देत नाही. ‘अमुक गाण्याच्या मुख्य आवाजाला माइक आणि प्रीॲम्प कोणता होता? कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारं यंत्र) रेकॉर्ड करतानाच लावला होता का?’ असं विचारलं तर दोन ओळींत काम होतं.

फोटो वाचायला शिका

मुलाखत नसेल तर सत्रातले फोटो. नॉयमनचा यू ४७ म्हणजे जाड, सरळ नळकांडं. यू ६७ आणि यू ८७ खाली निमुळते होतात आणि लांबून जुळे भाऊ वाटतात. फरक वायरीत बघा: यू ६७ व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळीचा) असल्याने त्याला जाड केबल आणि वेगळा वीजपुरवठ्याचा डबा लागतो; यू ८७ला नेहमीची तीन पिनांची केबल पुरते. सोनी सी-८००जी मागच्या बाजूच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून ओळखू येतो. एकेजीच्या सी १२ची दिशा (तो कोणत्या बाजूचा आवाज घेतो ते) वेगळ्या डब्यावरच्या खटक्याने बदलते, तर टेलिफुंकेन ईएलए एम २५१चा तो खटका माइकच्याच अंगावर असतो. बिल्ल्यावर मात्र विसंबू नका. सुरुवातीच्या अनेक यू ४७वर टेलिफुंकेनचाच बिल्ला आहे, कारण विक्री त्यांच्याकडे होती.

यू ४७ आणि यू ४८ हा सगळ्यांत चकवणारा जोड. बाहेरून दोन्ही सारखेच. फोटो मोठा करून खटक्याशेजारच्या खुणा पाहा: एका बाजूला वर्तुळ असेल तर यू ४७, इंग्रजी आठाचा आकडा असेल तर यू ४८. आठाचा माइक पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, म्हणून दोघं समोरासमोर उभे राहून एकाच माइकवर गाताना दिसले की आधी यू ४८ची शक्यता तपासावी. बीटल्सच्या लंडनमधल्या रेकॉर्डिंगना हे दोन्ही माइक वापरले गेले.

आणि फोटो खरा आहे का तेही बघा. यू ८७मध्ये बिल्ल्याची बाजू गायकाकडे असावी लागते. बिल्ला कॅमेऱ्याकडे आणि गायक पाठीमागून गातोय, तर तो प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो. आकाशवाणीचं नाव लिहिलेल्या माइकसमोरचा फोटो आकाशवाणीचा माइक दाखवतो, रेकॉर्डवरचा नव्हे.

तारखेची चाळणी

नाव सापडलं की ते उपकरण तेव्हा बाजारात होतं का, ते तपासा. यू ४७ १९४९चा, यू ६७ १९६०चा, यू ८७ १९६७चा, नीव्ह १०७३ प्रीॲम्प १९७०चा. पन्नाशीच्या दशकातलं गाणं ‘यू ८७वर घेतलं’ असं कुणी लिहिलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही. ‘बिली जीन’ ज्यात आहे तो ‘थ्रिलर’ अल्बम १९८२चा आणि एसएम ७बी २००१चा. तरी मायकेलचा माइक म्हणून सर्रास ‘बी’चंच नाव सांगितलं जातं. कुळ एकच, पण माइक तोच नव्हे.

प्रीॲम्पचं काय?

इथे अडतं. माइक फोटोत दिसतो, प्रीॲम्प भिंतीपलीकडे कंट्रोल रूममध्ये असतो. जुन्या रेकॉर्डिंगला ‘त्या स्टुडिओत त्या साली कोणतं कन्सोल (सगळे आवाज एकत्र करणारं मोठं टेबल) होतं?’ हा प्रश्न धरा, कारण प्रीॲम्प त्याच्याच पोटात असे. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सची बरीचशी गाणी व्हॉल्व्हच्या ‘रेड’ (REDD) कन्सोलमधून गेली. १९६९चा ‘ॲबी रोड’ मात्र ट्रान्झिस्टरच्या टीजी १२३४५वर झाला. आणि १९६८चं ‘हे ज्यूड’? ते ट्रायडंट स्टुडिओत रेकॉर्ड झालं. म्हणजे ईएमआयच्या कन्सोलचा हिशेब त्या गाण्याला लावता येत नाही.

सत्तरीनंतर आणखी एक भानगड: बरेच रेकॉर्डिस्ट आवाजापुरता वेगळा प्रीॲम्प जोडू लागले. त्यामुळे कन्सोल कळलं म्हणून प्रीॲम्प कळला, असं नाही. कंट्रोल रूमच्या फोटोत रॅक, म्हणजे अशी यंत्रं बसवलेली चौकट शोधा. १०७३ची पट्टी वरच्या लाल गोल बटणावरून ओळखता येते. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये हे सोपं असतं. बिली आयलिशचा २०१९चा अल्बम भावाच्या बेडरूममध्ये झाला. अशा ठिकाणी प्रीॲम्प सहसा ऑडिओ इंटरफेसमधलाच (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्यातलाच) असतो.

स्टेजची गोष्ट वेगळी

माइक कंपन्यांच्या ‘आमचे कलाकार’ यादीत नाव असलं तर ते बहुधा स्टेजपुरतं समजा. हातातल्या वायरलेस माइकवर वरची जाळी आणि कॅप्सूल (आवाज पकडणारा आतला भाग) बदलता येते, तेव्हा दांडीवरचं नाव वाचून उपयोग नाही. बीटा ५८एच्या जाळीला निळा पट्टा असतो, एसएम ५८ला नसतो.

शोधाअंती नोंद करताना पुरावाही लिहा. रेकॉर्डिस्टने त्याच गाण्याबद्दल सांगितलं असेल तर पक्कं. सत्रातला फोटो असेल तर माइकपुरतं पक्कं. विक्रेत्याच्या व्हिडिओतलं ‘सेम टू सेम’ असेल तर ती ओळ खोडा.

आणि माइक घ्यायचाच असेल तर आधी आपल्या इंटरफेसचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती डेसिबलने (डीबी) वाढवतो ते बघा. एसएम ७बीचा सिग्नल फार क्षीण आहे. त्याला निदान ६० डीबी गेन लागतो. नीव्ह १०७३ ८० डीबीपर्यंत देतो. ५० डीबीच्या इंटरफेसवर तोच माइक लावलात तर बटण शेवटपर्यंत फिरवूनही आवाज बारीक राहतो आणि मग सॉफ्टवेअरमध्ये वाढवला की आधी मागची सरसर वर येते.