३० आणि २४ मिळून किती? दिव्यांग प्रमाणपत्राचा माझा अनुभव

मामांच्या पायाचं अपंगत्व ३० टक्के, कानाचं २४. दोन डॉक्टर, दोन वेगळे कागद, दोन्ही ४० च्या खाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात, म्हणून खिडकीवर उत्तर मिळालं, "बसत नाही."

पण एकाच माणसाची दोन अपंगत्वं एकत्र मोजायची असतात. केंद्राच्या मूल्यमापन सूचनांत त्याचं सूत्रच आहे. मोठा आकडा अ, लहान ब. मग अ + ब × (९० − अ) ÷ ९०. मामांचं गणित ३० + २४ × ६० ÷ ९०, म्हणजे ४६. (सरळ बेरीज ५४ भरते, ती कोणी देत नाही.)

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आणि प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी पोर्टलवर दोन्ही अपंगत्वं नोंदवून, दोन्ही अहवाल जोडून नवा अर्ज केला. वैद्यकीय मंडळाने एकत्र तपासलं आणि ४६ टक्क्यांचं प्रमाणपत्र दिलं. आयकराच्या जुन्या करप्रणालीत कलम ८०यू ची (दिव्यांग व्यक्तीला करपात्र उत्पन्नातून मिळणारी) ७५,००० रुपयांची वजावट त्यावरच मिळाली. केंद्राची दिव्यांग पेन्शन मात्र नाही. तिला ८० टक्के लागतात, शिवाय कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं हवं.