एसी व्हेंटवरचा मोबाइल होल्डर मान टाकतो? माझा अनुभव

ताम्हिणी घाटात प्रत्येक खड्ड्याला होल्डर खाली झुकायचा आणि नकाशा माझ्याऐवजी गिअरला दिसायचा. दुहेरी टेप उन्हात सुटली, रबरबँड दोन दिवसांत तुटलं. जाम वैताग!

क्लिप घट्टच होती. वजनाने व्हेंटची पट्टीच फिरत होती. आधी पट्टी सरळ केली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा तिच्यावर गुंडाळला, त्यावर क्लिप शेवटपर्यंत दाबली. मग होल्डरचा मागचा पाय पट्टीवर न टेकवता खाली डॅशबोर्डच्या टणक कडेवर टेकवला. खरी मेख हीच. शेवटी चार्जिंगची वायर सैल सोडली. ताणली की तीच होल्डर ओढते.

माणगावपर्यंत हलला नाही. थंडीत हीटर लावलात तर तेवढा व्हेंट बंद ठेवा, मोबाइल तापतो.